मातीचा शिपाई: कादंबरीच्या कामाच्या नोंदी

30 मार्च 2025, रविवार, पाडवा

आज सुरुवात करायची असं महिनाभर ठरवलं होतं, पण श्रीखंड-पुरी खाऊन जी झोपले ती थेट पाचला उठले, त्यामुळे फाईल उघडायला सहा वाजले. असो. आजपासून शके 1947, म्हणजे इसवी सनातून 78 वजा, आणि हा शालिवाहन शक आपण लग्नपत्रिकेपासून पंचांगापर्यंत सगळीकडे छापतो पण शालिवाहन कोण असं विचारलं तर ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांना सांगता यायचं नाही. मला आजीमुळे माहीत. आजी पैठणजवळची. तिच्या गोष्टीत गोदावरीच्या डोहात शेष राहायचा, त्याचा आणि एका ब्राह्मणाच्या पोरीचा मुलगा कुंभाराच्या घरी वाढला, दिवसभर मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळायचा, आणि उज्जैनीचा विक्रम चालून आला तेव्हा बापानं दिलेलं अमृत शिंपडून त्यानं ती खेळणी जिवंत केली. पुढं ते सैन्य विक्रमाच्या मागं लागून नर्मदेपर्यंत गेलं आणि पाण्यात उतरताच विरघळलं, म्हणून नदीच्या पलीकडं विक्रमाचं वर्ष अन् अलीकडं आपलं.

मी सात वर्षांची असताना विचारलं होतं, सगळे विरघळले? आजी म्हणाली, झोप आता.

तर कादंबरी त्याच प्रश्नावर. एक शिपाई मागं राहिला. वाळताना त्याच्या घोड्याचा पाय तडकला होता म्हणून त्याला नेलंच नाही. बारा ते सोळा वयाच्या पोरांसाठी, साधारण 45,000 शब्द. आज लिहिले 310, त्यातले 200 खोडले.

6 एप्रिल

आठवडाभर नुसतं वाचन, आणि डोकं फिरायची वेळ आलीये, कारण आजीची गोष्ट आणि इतिहास यांचं अजिबात पटत नाही. इ.स. 78 ला सुरू झालेला शक हा शक-कुषाण राजांच्या बाजूचा, त्याला 'शालिवाहन' हे नाव चिकटलं ते कित्येक शतकांनी. म्हणजे ज्या सातवाहनांनी (शालिवाहन हे त्याच नावाचं दुसरं रूप) शक राजांना हाणलं त्यांच्याच नावापुढं 'शक' लावून आपण पाडवा साजरा करतो. हे कळल्यावर मी एकटीच हसले.

बरं, 'सातवाहन' या नावाच्याही दोन गोष्टी आहेत. कथासरित्सागरात सात नावाचा यक्ष सिंहाच्या रूपात येतो आणि राजा लहानपणी त्याच्यावर बसतो म्हणून सातवाहन. चौदाव्या शतकातले जैन आचार्य जिनप्रभसूरी मात्र पैठणची कथा सांगताना म्हणतात की हा पोरगा सवंगड्यांना मातीची वाहनं करून वाटायचा म्हणून सातवाहन ('सात' म्हणजे दिलेलं). मला दुसरी जास्त आवडली. सिंहावर बसणारे राजपुत्र पैशाला पासरी मिळतात, पण खेळणी वाटणारा राजा मी तरी दुसरा वाचलेला नाही.

काळ कुठला धरायचा? नाणेघाटातल्या लेण्यात कोरलेला सातवाहनांचा लेख साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी. मी गौतमीपुत्राचा काळ घेतेय. म्हणजे माझ्या नायिकेसाठी नाणेघाटातलं लिखाण तेव्हाच जुनं, आपल्याला 1857 चे कागद वाटतात तसं, अक्षरं ओळखीची पण वाचताना अडखळायला होणारी. नायिका चौदा वर्षांची, नाव सामा, नाणेघाटात जकातीची नाणी मोजणाऱ्याची मुलगी.

20 एप्रिल

पहिले दोन चॅप्टर चिऊला दिले. चिऊ म्हणजे माझी भाची, आठवीत गेलीये, माझी पहिली वाचक, अत्यंत निर्दयी. तिला प्रत्येक कागदामागे दहा रुपये द्यायचं ठरलंय आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीला पाच रुपये एक्स्ट्रा. हा सौदा मला महागात पडणार.

पहिल्याच पानावर सामाची आई भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा देते. "मावशी, मिरची पोर्तुगीजांनी आणली, आम्हाला होतं पुस्तकात." पाच रुपये. मग मीच घाबरून पूर्ण स्वयंपाकघर तपासलं: बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका, सगळं बाद. ज्वारी, तीळ, ताक, तूप, मिरी, चिंच राहिली. उपाशी मरणार नाहीत.

दुसरी चूक मात्र मलाच सापडली, पैसे वाचले. मी लिहिलं होतं 'सोमवारी तांडा आला'. वारच नव्हते तेव्हा वापरात! भारतातल्या कोरीव लेखात वाराचा सगळ्यात जुना उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणला, इ.स. 484 चा, म्हणजे सामानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी. मग हे लोक तारीख कशी सांगायचे? नाशिकच्या लेण्यात लिहिलंय ना, 'गिम्हाण पखे बितीये 2 दिवसे तेरसे 13', उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस तेरावा. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येकाचे आठ पंधरवडे. किती सुटसुटीत. आता चॅप्टरना नावं द्यायचीच नाहीत, फक्त अशा तारखा टाकायच्या. उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाच्या पंधरवड्यांमध्ये गोष्ट चढत जाणार.

आणि तिथंच चिऊनं सुरुंग लावला. "मावशी, तो मातीचा आहे ना? मग पावसाळ्यात नाणेघाट चढतो तेव्हा विरघळत का नाही?"

उत्तर नाही. नाणेघाटात. पावसाळ्यात. मातीचा माणूस. मी हा प्लॉट आखताना काय खाल्लं होतं कुणास ठाऊक.

11 मे, पैठण

दोन दिवस सुट्टी टाकून गेले. नाथांची समाधी, नागघाट, आणि ती पालथी नगरी. गावातल्या टेकाडाला लोक हेच नाव सांगतात, जुनं शहर उलटं होऊन गाडलं गेलं म्हणून पालथी. उभं राहून बघितलं तर झुडपं, खापरांचे तुकडे आणि शेळ्या. पण नाव ऐकूनच एक पूर्ण चॅप्टर डोक्यात तयार झाला: खाली उलटं शहर आहे, तिथं छतावरून चालतात, आणि गाडली गेलेली माती आपापले जुने आकार आठवत पडलीये.

खरं काम झालं ते कुंभारकाकांकडे. त्यांना वाटलं मी माठ घ्यायला आलेय, मी माठ घेतलाही, मग तासभर बसले. माती चाळून भिजवून मळतात, त्यात राख आणि घोड्याची लीद घालतात, चाकावरून उतरवलेलं मडकं जरा आवळलं की आत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडानं थापत थापत मोठं करतात, तो आवाज टप-टप-टप नसतो, एक जड एक हलका असा असतो, आतला हात ऐकतो आणि बाहेरचा मारतो असं काका म्हणाले. सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलं तर तडकतं. मग आवा, म्हणजे भट्टी, लावायचा.

मी विचारलं, भाजलं नाही तर काय होतं? काका हसले. "ताई, कच्चं मडकं पाण्यात टाका, पुन्हा माती. पुन्हा मळा, पुन्हा करा, काय पण करा. एकदा आव्यातून निघालं की पाणी भरा, शंभर वर्षं भरा, पण मग ते मडकंच. त्याचा घोडा नाही व्हायचा."

बसच्या सीटवर, मांडीवर माठ, मी हे फोनमध्ये टाईप करत होते आणि हात थरथरत होता (रस्ताही तसाच आहे म्हणा). सुटला ना प्रश्न! तो शिपाई कच्चा आहे. पावसात विरघळतो, सामा त्याला परत मळते, दर वेळी थोडा वेगळा होतो, कधी एक बोट कमी, कधी एक आठवण कमी. भाजला तर पाऊस, नदी, समुद्र, काहीही त्याचं वाकडं करू शकत नाही, पण मग जसा असेल तसाच कायमचा. भाजायचं की नाही. हीच कादंबरी. बाकी सगळं भराव.

चिऊनं त्याचं नाव ठेवलं मट्टू. मी प्राकृतात 'मट्टिअ' लिहिलं होतं, ते तिनं फेटाळलं.

22 जून, नाणेघाट

रविवारी जायची चूक केली. जुन्नर-घाटघर रस्त्यावर गाड्यांची रांग, कणसंवाले, उलट्या धबधब्यासमोर रील काढणारे, आणि चिऊ मागच्या सीटवर "अजून किती" करत. पण वरून कोकण दिसलं आणि गप्प झाली. वैशाखऱ्याकडनं येणारी दगडी वाट त्या खिंडीत घुसते, कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरकडं चढायचा. वर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. चिऊनं आत एक रुपया टाकून बघितला, आवाज आला नाही, आत पाणी.

लेण्यात गर्दी होती, एक कुटुंब डबे उघडून बसलेलं. मी भिंतीला तोंड करून उभी राहिले. डावीकडं दहा ओळी, उजवीकडं दहा ओळी. सुरुवातीला देवांना नमस्कार: धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल, यम, वरुण, कुबेर, वासव. पुढं यज्ञांची यादी आणि दक्षिणा, गायी हजारोंनी, हत्ती, घोडे, कहापण म्हणजे नाणी. आणि हे सगळं आकड्यांत! भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी हे. सामाचा बाप नाणी मोजणारा का केला ते आता मलाच पटलं, पोरगी वाचायला शिकते ती या आकड्यांवरून, अक्षरं नंतर.

जिनं हे लिहवलं ती राणी नागनिका असं आपण म्हणतो, पण मुख्य लेखात नेमकी नावाची जागा फुटलीये. उरलंय ते वर्णन: महिना महिना उपास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी. मुलं लहान असताना तिनं राज्य सांभाळलं हा अभ्यासकांचा तर्क. तिचं नाव स्पष्ट मिळतं ते मागच्या भिंतीवर. तिथं पुतळे होते, सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सिरी सातकणि, कुमार, महारठी. पुतळे गेले. वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. बाकी मधे काही नाही.

चिऊ बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "यांचे पाय बरे राहिले."

येताना गाडीत मी कामाचा एक नियम करून टाकला: लेख जे सांगतो ते बदलायचं नाही, देव, आकडे, नाती, काही नाही. फँटसी घालायची ती फक्त फुटलेल्या जागी. नियम केल्यावर आधी आनंद झाला, मग लक्षात आलं की तीन चॅप्टर कचऱ्यात गेले, कारण त्यात मी सामाच्या घरी विठ्ठलाची मूर्ती ठेवली होती.

29 जुलै, नागपंचमी

आईकडं पुरणाची दिंडं खाल्ली. शेषाचा चॅप्टर लिहायचा म्हणून आजचाच दिवस धरला, आणि नऊ वाजेपर्यंत एक ओळ नाही. शेष मोठा, हजार फण्यांचा, गंभीर बोलणारा, असा लिहिला की टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतला होतो, मागं वीज चमकायला लागते. शेवटी त्याला बोलूच दिलं नाही. डोहाचं पाणी एका बाजूनं जरा जड होतं, नावाड्याची होडी कलते, आणि नावाडी सवयीनं दुसऱ्या बाजूला सरकून बसतो, तंबाखू... नाही, तंबाखू नव्हता. पान खात बसतो. पान होतं. 900 शब्द झाले.

17 ऑगस्ट

नाण्यांचा सीन. हा मला पहिल्या दिवसापासून लिहायचा होता.

1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपान या शक क्षत्रपाच्या, म्हणजे गौतमीपुत्रानं हरवलेल्या राजाच्या, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 च्या वर नाणी, आणि त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप परत मारलेला. वितळवून नवी पाडली नाहीत, आहे त्याच्यावरच ठोकलं. एक नाणं मोठं करून स्क्रीनवर तासभर बघत होते: क्षत्रपाचा चेहरा उजवीकडं बघतोय, सरळ नाक, कडेनं ग्रीक अक्षरांची झालर, आणि बरोबर गालावर तीन कमानींची टेकडी दणकन उमटलीये, ठोकताना नाणं जरा सरकलं असावं म्हणून टेकडी तिरकी. डोळा मात्र शाबूत. टेकडीच्या मागून बघत राहिल्यासारखा.

सामाला नाणी ऐकू येतात, एवढीच तिची जादू. साधं नाणं एका आवाजात बोलतं, कुणी दिलं, कशासाठी. हे ठोकलेलं नाणं दोन आवाजांत भांडतं. रांजणात हजार नाणी असताना रात्री तिथं झोपायचं म्हणजे काय होत असेल! जिंकलेल्या राजाचा आवाज वर, हरलेल्याचा खाली. गौतमीपुत्राची आई बालश्री, तिच्या नाशिकच्या लेखात मुलाचं कौतुक आहे, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निरवशेष केला, घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले, आणि त्याच दमात आईची सेवा करणारा. सामाच्या हातातलं नाणं म्हणतं, निरवशेष? मी आहे की अजून.

एका बैठकीत 2,200 शब्द. पाठ धरली.

27 ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मोदक वळता वळता काम झालं, खरंच. कथासरित्सागरात सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो, एक राणी म्हणते 'मोदकैः परिताडय', म्हणजे मा उदकैः, पाणी मारू नका, आणि राजे आत माणूस पाठवून मोदकांची ताटं मागवतात. राणी हसली. राजा इतका खजील झाला की अन्नपाणी सोडून पडून राहिला, मला संस्कृत शिकवा म्हणून. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. पैज लागली, गुणाढ्य हरला, आणि कबूल केल्याप्रमाणे त्यानं संस्कृत, प्राकृत आणि लोकांची बोली तिन्ही सोडल्या. मग विंध्यात राहून पैशाची नावाच्या भाषेत, शाईऐवजी रक्तानं, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, राजानं ती नाकारली, तर हा एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवून आगीत टाकायला लागला. प्राणी चरायचे थांबले, रडत ऐकत बसले. राजाच्या ताटातलं मांस सुकं यायला लागलं तेव्हा कुठं राजाला शोध लागला, पण तोवर सहा लाख जळाले होते.

मुळात भाषेवरूनच मी दोन महिने अडले होते. सामा बोलणार कशी? संस्कृतप्रचुर मराठी घातली की पोरं पळतात, आजची पुणेरी घातली की नाटक वाटतं. पण हाल या सातवाहन राजाच्या नावावरच्या प्राकृत गाथा चाळल्यावर धीर आला, त्या प्राकृतात पोट्ट आहे, तुप्प आहे, चिक्खल्ल आहे. पोट, तूप, चिखल! म्हणजे सामाला मी 'उदर' बोलायला लावत होते आणि तिच्या काळातली बाई सरळ पोट म्हणत होती. संस्कृत न येणारा राजा आणि चिखल म्हणणारी पोरगी, यांचं बरोबर जमेल. सगळे संवाद परत लिहायचे आता.

आणि मोदकाला कळ्या पाडताना सुचलं ते हे: कुंभार मातीत राख घालतात ना. ती राख कुठली? जळालेल्या सहा लाख श्लोकांची. मट्टूच्या अंगात त्या गोष्टींची राख मळलीये, म्हणून त्याला हजार गोष्टींचे तुकडे येतात, शेवट एकाचाही येत नाही. काळाचा हिशेब लावायला गेलं तर जुळत नाही, माहितीये मला, पण ही दंतकथेवर दंतकथा, इथं दगडाशी वाद नाही.

चिऊ: "आणि पाऊस पडला की कुठली गोष्ट वाहून जाते ते त्याला कळतं का?" हिला पैसे वाढवून द्यायला हवेत.

(गणपती बसले, पण कादंबरीत गणपती नाही. त्या नमस्कारांच्या यादीत नाही ना. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग पुस्तक निर्विघ्न कसं होणार.)

14 सप्टेंबर

एका प्रकाशकांचं उत्तर आलं. तीन चॅप्टर पाठवले होते. म्हणाले ऐतिहासिक चालतं, पौराणिक चालतं, दोन्ही एकत्र केलं की पालक विचारतात यातलं खरं काय, आणि दुकानदार विचारतो कुठल्या फळीवर ठेवू. शिवाय नायिका राजकन्या करता येईल का. नाही करता येणार. दुपारभर चिडचिड, मग कपाट आवरलं.

पालकांचा मुद्दा मात्र रात्री परत डोक्यात आला, तो अगदीच चुकीचा नाही. शेवटी दोन पानं जोडायची ठरवली, सामाच्या बापाच्या हिशेबाच्या वहीसारखी, जमा आणि खर्च. जमेला जे दगडावर, नाण्यावर आहे ते. खर्चाला मी घातलेलं. वही ताडपत्राची.

5 ऑक्टोबर

38,400 शब्द. शेवटचा चॅप्टर सोडून सगळं झालंय. माझ्या आराखड्यात सामा मट्टूला आव्यात घालते, तो पक्का होतो, खिंडीत कायमचा पहारेकरी म्हणून उभा राहतो. लिहिलं, वाचलं, बरं वाटलं. चिऊला दिलं.

कागद परत आला त्यावर पेन्सिलनं एकच ओळ: 'त्याला विचारलं का?'

पैसे मागितले नाहीत. म्हणजे ही चूक नाही, तक्रार आहे.

22 ऑक्टोबर, पाडवा

चार दिवस फाईल उघडली नाही, किल्ला करत होतो. पार्किंगच्या कोपऱ्यात, विटा, पोती, वर माती, अळीव पेरलेलं उगवलंय छान. मावळे माळ्यावरच्या खोक्यातले, त्यात काही माझ्या लहानपणचे, पैठणच्या बाजारातून आजीनं आणलेले, नुसत्या वाळलेल्या मातीचे, रंग दिलेले. चिऊनं बरोबर त्यातलाच एक निवडून दरवाज्यावर उभा केला, भाला मोडका म्हणून अगरबत्तीची काडी दिली.

दुपारी पाऊस आला. आम्ही वर फराळ करत होतो, प्लॅस्टिक घेऊन खाली पळेपर्यंत जे व्हायचं ते झालं. प्लास्टरचे मावळे धुतल्यासारखे चकचकीत उभे. दरवाज्यावरचा गेला. निळा रंग ओघळून पायरीवर आला होता, तोंड नाही, धड म्हणजे एक गुळगुळीत ढेकूळ, ते बोट लावल्यावर खाली बसलं. चौकोनी बैठकीवर दोन पावलं तेवढी राहिली, बोटांच्या रेघांसकट.

मी म्हटलं, उचल गं ते, दुसरा ठेवू. तिनं उचललं नाही. आईस्क्रीमची काडी आणली, पेनानं काहीतरी लिहिलं आणि त्या पावलांच्या मागं रोवली. वाकून वाचलं तर 'मट्टू'. खाली ढेकळाचा ओला गोळा तिनं मुठीत घेतला होता, तो वर जाताना फ्रिजवरच्या वाटीत ठेवून गेली, वर ओलं फडकं टाकून.

रात्री शेवटचा चॅप्टर डिलीट केला. उद्या भाऊबीज, परवापासून लिहायला घेते. वाटीतली माती वाळू द्यायची नाही, फडकं सकाळी परत भिजवायचं.